शेवटच्या मुलीचं वाक्य

"दमे, तू शेवटी. आता तुझ्यापुढं कुणी नाही."

आक्कांनी तळहात माझ्या डोक्यावर आडवा धरला आणि तसाच सरळ सुलभाच्या डोक्यावरून नेला. हात तिच्या केसांना न लागता पुढे गेला. निकाल लागला. मी व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन उभी राहिले. सुलभाने मला हळूच जीभ दाखवली. तिला अजून वर्षभर तिथे उभं राहायचं नव्हतं, म्हणून ती खूश होती.

आमच्या बालगृहात ओळ लावणं हा मोठा सोहळा असे. कुणी पाहुणे यायचे म्हटलं की आमच्या अधीक्षिका आक्का सगळ्यांना व्हरांड्यात उंचीप्रमाणे उभं करायच्या. सर्वांत लहान मुलगी जिन्याजवळ, सर्वांत उंच पिंपाजवळ. उंची आणि वय बहुतेक वेळा जुळायचं, नाही जुळलं तर आक्का जमवून घ्यायच्या. कारण पिंपाजवळची मुलगी म्हणजे अठरा पूर्ण झालेली, त्या उन्हाळ्यात बाहेर पडणारी मुलगी. त्या वर्षी ती मी होते. माझ्याबरोबरची दुसरी कुणी नव्हती.

ओळीत उभं राहून प्रत्येकीने आपलं स्वप्न सांगायचं असे. पूर्वी म्हणे सगळ्याजणी डॉक्टरच व्हायच्या. एकदा एक पाहुणे हसून म्हणाले, अहो, एवढ्या डॉक्टर झाल्यावर आजारी कोण पडणार? आक्कांना ते फार लागलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वप्नं वाटून टाकली. मुलींना नव्हे, जागांना. पहिल्या जागेवरची डॉक्टर, कारण चिमुरड्या तोंडी ते गोड वाटतं. मग विमान चालवणारी, मग कलेक्टर, मग वकील. असं करत करत पिंपाकडे येताना शिक्षिका आणि अगदी टोकाला नर्स. उंची वाढली की आपण एक जागा सरकायचो आणि तिथलं स्वप्न आपलं व्हायचं. मी डॉक्टर होते, विमान चालवत होते, दोन वर्षं कलेक्टर होते. जसजशी मी वाढत गेले तसतशी माझी स्वप्नं उतरत गेली. त्याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. शाळेतली पुस्तकं मोठ्या मुलींची आम्हाला मिळत, कपडे मिळत, तशी स्वप्नंही मिळत होती.

त्या दिवशी मगदूम अण्णा येणार होते. बाबगोंडा मगदूम. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे त्यांचा यंत्रमागाचा कारखाना होता. बायको वारल्यावर त्यांनी तिच्या नावाने एक छोटा न्यास काढला होता, आणि दर वर्षी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या एका मुलीच्या कॉलेजची सगळी फी तो न्यास भरायचा. दर मे महिन्यात अण्णा एकदा यायचे, खुर्चीत बसून ओळ ऐकायचे, मान हलवायचे, शिरा खायचे आणि जायचे. मग जून उजाडला की पिंपाजवळची मुलगी नर्सिंगला जायची. माझ्या आधीच्या सगळ्या तशाच गेल्या होत्या.

"अण्णांनी मान हलवली की झालं," आक्का माझी वेणी घट्ट करत म्हणाल्या. "तंद्रीत राहू नकोस. नीट मोठ्यानं सांग."

तंद्री हे माझं दुसरं नाव होतं. आणि त्याला ती भिंत जबाबदार होती.

इचलकरंजीत राहिलेल्या माणसाला मागांचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्याला कितीही सांगितलं तरी समजत नाही. खटक-खटक, खटक-खटक, दिवसरात्र, एकाच्या पायात दुसऱ्याचा पाय अडकल्यासारखा. आमचं बालगृह त्या आवाजातच वसलेलं होतं. आम्ही त्यात जेवायचो, त्यात अभ्यास करायचो, त्यात भांडायचो. सगळेच ओरडून बोलत असल्यामुळे आपण ओरडतो आहोत हे कुणाला कळत नसे. मला दोन महिन्यांची असताना तिथे आणलं, म्हणजे आईच्या आवाजाच्या जागी माझ्याकडे तोच आवाज होता. रात्री वीज गेली आणि माग थांबले की झोपलेल्या लहान मुली दचकून उठायच्या आणि रडायला लागायच्या. त्यांना थोपटायचं काम माझ्याकडे असे. मी त्यांच्या पाठीवर त्याच ठेक्यात थापट्या मारायचे, खटक-खटक, आणि त्या पुन्हा झोपायच्या.

गंमत म्हणजे मी माग कधी पाहिला नव्हता. भिंत उंच, वर काचा लावलेल्या. शाळेचा रस्ता दुसऱ्या बाजूने. आक्कांबरोबर बाजाराला गेलं तरी कारखान्यांची दारं अर्धवट ओढलेली असत आणि आत काळोख. लहान असताना मला वाटायचं, पलीकडे शेकडो घोडे एकाच जागी पाय आपटत उभे आहेत. पुढे वाटायचं, मोठ्या मोठ्या बायका पाट्यावर काहीतरी वाटत बसल्या आहेत आणि त्यांचं वाटण कधी संपतच नाही. दुपारच्या सक्तीच्या झोपेत मी भिंतीला पाठ लावून पडायचे. आवाज पाठीतून आत यायचा. डोळे मिटले की भिंत पातळ व्हायची, पोह्याच्या पापडासारखी, आणि आता पलीकडचं दिसणार असं वाटेपर्यंत आक्कांची घंटा वाजायची.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? ते काही स्वप्न नव्हतं. स्वप्न म्हणजे ओळीत सांगायचं ते.

तर नर्स. मला रक्त बघितलं की घेरी यायची. आमच्यातल्या सगळ्यांत लहान छबीचा गुडघा फुटला तेव्हा तिच्या आधी मी जमिनीवर आडवी झाले होते. हे आक्कांना माहीत होतं. मी एकदा चाचरत म्हणूनही पाहिलं होतं की दुसरं काही शिकता येईल का. आक्कांनी चिडून नाही, अगदी शांतपणे मला समजावलं. नर्सिंगला राहायला खोली मिळते, जेवण मिळतं, पुढे नोकरी मिळते. दुसऱ्या कॉलेजची फी अण्णा भरतील, पण दिवाळीत वसतिगृह बंद झालं की पोरी जातात आपापल्या घरी. तू कुठं जाणार? इथं तुला परत घेता येत नाही, कायदा आहे. मग बसस्टँडवर बसशील?

आणि अण्णांनी मान नाही हलवली तर दुसरी वाट तयारच होती. कुरुंदवाडला पिठाच्या गिरणीचा मालक होता. चौतीस वर्षांचा, पहिली बायको गेलेली. महिन्यापूर्वी येऊन तो पोहे खाऊन गेला होता. माणूस वाईट नव्हता. त्याच्या भुवयांवर पीठ होतं आणि पोहे खाताना तो खाली बघत होता. बुधवारी तो पुन्हा येणार होता, उत्तर घ्यायला. त्या मेच्या सकाळी माझ्यापुढे एवढंच होतं: एक तर रक्त, नाही तर पीठ.

अण्णा आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायात जुन्या कोल्हापुरी. व्हरांड्यासमोर अंगणात लिंबाखाली त्यांची खुर्ची ठेवली होती. शेजारी आक्का. ओळ सुरू झाली.

"मला डॉक्टर व्हायचंय!" छबी मागांच्या आवाजावर ताण करून ओरडली. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि सगळ्यांत पुढे उभी होती. अण्णांनी मान हलवली.

"मला विमान चालवायचंय!" मान हलली. कलेक्टर, मान. वकील, मान. सुलभाने शिक्षिका सांगितलं आणि अण्णांची मान खाली येतेय तोच वीज गेली.

एखाद्याने बोलता बोलता श्वास रोखावा तसे पलीकडचे माग एकदम गप्प झाले. एक माग उगाच दोन-तीन वेळा खडखडला आणि तोही थांबला. आमच्यातल्या एकीनेही विचार केला नसेल, पण सगळ्या ओळीने एकाच वेळी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. लिंबाच्या पानांचा आवाज ऐकू आला. तो आवाज असतो हे आम्ही विसरूनच जायचो. मग जिन्याजवळ छबीने भोकाड पसरलं.

पाहुण्यांसमोर ओळ मोडायची नाही असा कडक नियम होता. पण हात आधी गेले. मी पिंपाजवळून निघाले, ओळीच्या पुढून चालत छबीपर्यंत गेले, तिला कडेवर घेतलं आणि पाठीवर थापटायला लागले. खटक-खटक, खटक-खटक.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "सगळ्याजणी तिकडं कशाला बघाय लागल्या?"

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "काही नाही अण्णा, लाईट गेली."

"काय?"

"लाईट गेली म्हटलं."

अण्णा आक्कांच्या तोंडाकडे वळले नव्हते, ते आमच्याकडेच बघत होते, आणि त्यांना काही ऐकू आल्याचं दिसलं नाही. मी छबीला घेऊन थापटत थापटत अंगणात उतरून अगदी त्यांच्या खुर्चीजवळ आले होते. ते माझ्याकडे बघत होते, पण डोळ्यांत नाही. ओठांकडे.

"अण्णा," मी म्हटलं, "माग थांबले."

त्यांना लगेच कळलं. ते जरा ओशाळून हसले. "आवाजाचा तरास हुतोय व्हय तुमास्नी? लै वर्सं इचारीन म्हणत हुतो."

आक्का पटकन पुढे झाल्या. त्रास कसला, अजिबात नाही, मुलींना सवय आहे, असं त्या घाईघाईने म्हणायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाम आला होता. देणगीदाराच्या कारखान्याबद्दल तक्रार म्हणजे काय होईल ते त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं.

"त्रास नाही होत," मी म्हणाले. "थांबले की त्रास होतो. लहान मुली उठतात. आम्हाला त्याच आवाजात झोप लागते."

अण्णांनी छबीकडे पाहिलं. ती आता हुंदके देत माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती आणि माझा हात तिच्या पाठीवर चालूच होता. अण्णांची नजर त्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. ठेका त्यांनी ओळखला असणार. त्यांचं अख्खं आयुष्य त्या ठेक्यात गेलं होतं.

"तू यंदा भाईर पडणारी न्हवं?" ते म्हणाले. "काय व्हायचंय तुला?"

आता नर्स म्हणायचं होतं. दोन अक्षरं. सुलभा माझ्याकडे बघत होती, आक्का बघत होत्या, आणि सगळीकडे इतकं शांत होतं की कुठेतरी नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं तेही ऐकू येत होतं. मागांच्या आवाजात मी काहीही म्हणू शकले असते. तिथे शब्द तोंडातून निघाला की गर्दीत हरवायचा, आपल्यालाही परत सापडायचा नाही. पण त्या शांततेत म्हटलेलं तसंच उभं राहिलं असतं. मला ते जमेना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

आक्कांनी डोळे मिटले.

"मला भिंतीपलीकडं काय आहे ते बघायचंय. एकदाच."

माझे कान तापले होते. अण्णांनी गुडघ्यांवर हात ठेवले, उठले आणि म्हणाले, "चल की मग."

फाटकातून बाहेर पडून, बोळाला वळसा घालून आम्ही गेलो. पुढे अण्णा, मागे मी, माझ्या कडेवर छबी. तिने मला सोडलंच नाही. मागून आक्का. त्यांच्या एका पायात त्यांची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात सुलभाची. वाटेत त्यांनी माझं कोपर धरलं आणि दबल्या आवाजात म्हणाल्या, "बुधवार लक्षात आहे ना तुला? अजून वेळ गेलेली नाही. आत गेलं की बघून घे आणि बाहेर आल्यावर नीट सांग. नर्स म्हण." मला त्यांचा राग आला नाही. त्यांना माझी काळजीच होती, फक्त ती काळजी फार दमलेली होती.

वीज गेलेली होती म्हणून दार सताड उघडं टाकलं होतं.

आत पाऊल ठेवलं आणि मला वाटलं की मी इथे आधी आले आहे. घोडे नव्हते, बायका नव्हत्या. लोखंडी, तेलकट, कमरेएवढ्या उंचीची यंत्रं ओळीने उभी होती. पण सगळ्यांवर सुतातून उडालेली पांढरी मऊ पिंज बसलेली होती. यंत्रांवर, तारांवर, दिव्यांच्या दोरांवर, कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीवरसुद्धा. वरच्या काचांतून उन्हाच्या तिरीपा खाली आल्या होत्या आणि त्यांत पिंज तरंगत होती, ना वर जात होती ना खाली. कामगार दोन मागांमधल्या जागेत अंग टाकून पडले होते. एकाने कापडाच्या घडीवर डोकं ठेवलं होतं. त्याच्या पापण्यांवर पिंज होती. आवाज थांबल्यावर आम्ही जागे होत होतो आणि पलीकडे ही माणसं झोपी जात होती. इतकी वर्षं भिंतीच्या दोन बाजूंना आमची झोप आलटून पालटून चालली होती. मी चवड्यांवर चालायला लागले. छबीही एकदम गप्प झाली होती आणि तोंड उघडं टाकून बघत होती.

अण्णांनी एका मागापाशी थांबून मला खूण केली. मागच्या बाजूने शेकडो उभे धागे येत होते, वेगवेगळे, मोजता येणार नाहीत इतके. पुढच्या बाजूला कापड होतं. आणि मधे एक जागा होती, बोटभर, जिथे धागे धागेही नव्हते आणि कापडही झालेले नव्हते. वीज गेली तेव्हा तो माग तिथे थांबला होता. मी तिथे बोट ठेवलं. एका बाजूला बोट धाग्यांच्या मधून आरपार जात होतं, दुसऱ्या बाजूला जात नव्हतं. मला ते किती वेळ बघत राहावंसं वाटलं ते सांगता येत नाही. आमच्या अंगावरचे सगळे कपडे कुणाच्या तरी अंगावरून आलेले. आल्टर केलेले, उसवून शिवलेले, रंग गेलेले. कापड हे जुनंच असतं अशी माझी कुठेतरी समजूत होती. त्याला पहिला दिवस असतो, ते इथे या बोटभर जागेत जन्माला येतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

अण्णांनी माझ्या हातात धोटा दिला. लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता, आत सुताची कांडी. हा इकडून तिकडं पळतो, ते म्हणाले, आडवा धागा घेऊन. तुमास्नी जे ऐकू येतं ते ह्येचंच पळणं.

म्हणजे तो हा होता. माझ्या तळहातावर मावत होता.

आणि वीज आली.

दिवे लागले, पडलेली माणसं उठून बसली, डोळे चोळत आपापल्या मागापाशी गेली. एकाने दांडा ओढला. एक माग सुरू झाला. खटक-खटक. मग दुसरा. मग तिसरा. एकेक करून आवाज चढत गेला आणि मी मधोमध उभी होते. पाठीतून यायचा तो आवाज आता समोरून, खालून, छातीतून यायला लागला. मी ज्यात वाढले ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर हालत होतं. पायाखालची फरशी थरथरत होती. छबी हसत होती, म्हणजे तिचं तोंड हसत होतं, आवाज काही ऐकू येत नव्हता. मला रडू आलं. ते मी पुसलंही नाही, कारण तिथे कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

बोटभर जागेतलं कापड मात्र हळूहळू पुढे सरकत होतं. एवढा गोंगाट आणि कापडाची चाल मुंगीची. त्या वेळी मला पहिल्यांदा, ओळीतल्या कुठल्याही जागेवर उभी नसताना, काहीतरी हवंसं वाटलं.

मी अण्णांकडे वळले. आक्का शेजारी कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. अण्णा माझ्या ओठांकडे बघत होते. मी ओरडले नाही. नेहमीच्या आवाजात, कदाचित त्याहूनही हळू म्हणाले, "मला हे शिकायचंय. कापड कसं होतं ते."

त्या गोंगाटात ते फक्त एका माणसाला कळलं. अण्णांनी मान हलवली. ओळीसमोर हलवायचे तशी नाही. एकदाच, सावकाश, खाली आणि वर.

बाहेर बोळात आल्यावर आक्का अधीर झाल्या. "काय म्हणाली ही?"

अण्णा म्हणाले, "कापडाचं शिकायचंय म्हणती. गावातच कॉलेज हाय की त्येचं. फी न्यास भरंल."

आक्कांनी मला विचारलेला तोच प्रश्न त्यांना विचारला. वसतिगृह सुट्टीत बंद होतं, तेव्हा ही कुठे जाईल?

"कांड्या भरायच्या खोलीवर माडी हाय," अण्णा म्हणाले. "कांड्या भरणारी आमची रखमा एकटीच ऱ्हाती तितं. तिला तेवढीच सोबत." त्यांनी टोपी सारखी केली. "पर आक्का, एक इचारू? इतक्या वर्सांत सगळ्या पोरी नर्सच का ओ? मला आपलं वाटायचं, तुमच्यातल्या पोरीस्नी त्येचीच आवड असंल."

आक्का त्यांच्याकडे वळल्या. "मला वाटायचं, तुम्हालाच तेवढं पसंत पडतं. पहिल्या वर्षी पिंपाजवळच्या मुलीनं नर्स म्हटलं आणि तुम्ही मान हलवलीत."

"मला वळीतलं काय ऐकूच येत न्हाई," अण्णा म्हणाले. "मागानं कान गेल्यात माझं. लांबनं व्हटंबी दिसत न्हाईत. पोरींची तोंडं हालत्यात म्हणून मी मान हालवतो."

बोळात मागांचा आवाज भरून होता. आक्का आधी हसल्या आणि मग अर्ध्यातच थांबल्या. त्यांना आधीच्या सगळ्या मुली आठवल्या असाव्यात. मलाही आठवल्या. पदराने तोंड टिपून त्या खाली बघायला लागल्या, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या एका पायात सुलभाची चप्पल आहे.

बुधवारी गिरणीवाला आला, आक्कांनी त्याला नकार सांगितला आणि शिरा खायला घातला. पुढे त्याचं दुसरीकडे जमलं असं ऐकलं. बरं झालं.

मी शिकले. सुट्ट्यांत रखमामावशीजवळ माडीवर राहिले, खाली माग चालू असले की गाढ झोपायचे आणि वीज गेली की तिच्या आधी उठून बसायचे. नंतर कापडाच्याच कामात राहिले, गावं बदलली, मागही बदलले. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने मला न्यासावर घेतलं. त्यामुळे गेल्या वर्षी मे महिन्यात लिंबाखालच्या खुर्चीत मी बसले होते.

आक्का केव्हाच निवृत्त झाल्या आहेत. आता नव्या अधीक्षिका आहेत, हसतमुख, कामसू. भिंत आहे, पण पलीकडचा कारखाना नाही. तिथे मंगल कार्यालय झालं आहे आणि भिंतीला लागून त्याच्या गाड्या उभ्या राहतात. बालगृहात इतकी शांतता होती की मला बेचैन व्हायला झालं. ओळ मात्र तशीच लागली होती. जिन्यापासून पिंपापर्यंत. डॉक्टर झाली, विमान झालं, कलेक्टर झाली. पिंपाजवळ एक उंच, सावळी मुलगी उभी होती. तिने हनुवटी वर केली आणि पाठ केलेल्या सुरात मोठ्याने म्हणाली,

"मला भिंतीपलीकडं काय आहे ते बघायचंय! एकदाच!"

अधीक्षिका माझ्या कानाशी वाकून कौतुकाने म्हणाल्या की पूर्वीच्या आक्कांनी जाताना बजावून सांगितलं होतं, शेवटच्या मुलीचं हे वाक्य बदलू नका. मगदूम अण्णांना ते फार आवडलं होतं.

मी मान हलवली नाही. उठले, खुर्ची हाताने ओढत व्हरांड्यापर्यंत नेली आणि त्या मुलीच्या अगदी समोर ठेवून बसले. नाव विचारलं. ती म्हणाली, पारिजात. मी तिला विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे, माहीत आहे का तुला?

तिने अधीक्षिकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हाय की," ती म्हणाली. "गाड्या हाईत."

"मग ते बघायचंय तुला?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. माझे कान अजून चांगले आहेत, तरी मी तिच्या ओठांकडे बघत होते.

"मॅडम," ती शेवटी अगदी हळू म्हणाली, "मला नर्स व्हायचंय."